जुन्या जिप्सीचे सस्पेन्शन: स्पितीला निघण्यापूर्वी काय बदलावे, काय तसेच ठेवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०१२ सालची मारुती जिप्सी. पहिला मालक कोकणातला, आता ती पुण्यात आपल्याकडे. सप्टेंबरात दोघांनी हिमाचलात शिमला, किन्नौर, स्पितीतले काझा आणि कुंझुम खिंडीवरून मनाली असा प्रवास करायचा आहे. गाडी उजवीकडे बोटभर झुकलेली दिसते, ताशी ६० ते ७० च्या वेगात एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरू लागते आणि मागे सामान भरले की प्रत्येक गतिरोधकावर खालून दणका बसतो. गॅरेजमधून सल्ला मिळाला आहे तो मागे एकेक पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) वाढवण्याचा, चारही बाजूंना लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी) लावण्याचा आणि 'हेवी' शॉकअप बसवण्याचा. हे करावे का, आणि करायचे तर पुण्यात की चंदीगडला, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे आहे की या तिन्हींपैकी एकही गोष्ट आत्ता करू नये. जिप्सी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी ती पुन्हा होईल, एवढेच काम या प्रवासासाठी पुरेसे आहे, आणि तेवढे नीट करून घेणेसुद्धा वाटते तितके सोपे नाही. आपण सांगितलेल्या तीन तक्रारींची मुळे तीन वेगवेगळ्या ठिकाणी असण्याची शक्यता मोठी आहे. पाटा वाढवल्याने त्यांतली फार तर एक झाकली जाईल आणि उरलेल्या दोन बिघडतील.

प्रथम झुकण्याबद्दल. गाडी झुकली म्हणजे पाटा बसला, असा निष्कर्ष सगळेच काढतात, परंतु जिप्सीची बॉडी शिडीसारख्या चॅसीवर रबरी माउंटांवर टेकलेली असते आणि बारा-तेरा वर्षांत ही रबरे एका बाजूला अधिक दबतात किंवा त्यांच्याखालचा पत्राच गंजून खचतो. कोकणातल्या गाडीत तर हे आधी तपासायला हवे. त्यासाठी गाडी सपाट फरशीवर उभी करावी, चारही टायरांत सारखी हवा भरावी आणि दोन मापे घ्यावीत: एक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत आणि दुसरे ॲक्सलच्या नळीपासून चॅसीच्या खालच्या कडेपर्यंत. पहिल्या मापात डावी-उजवीत फरक आहे आणि दुसऱ्यात नाही, तर दोष बॉडी माउंटांचा आहे आणि पाट्यांना हात लावण्याचे कारण नाही. दुसऱ्या मापातही फरक असेल तरच पाटे उतरवावेत. उतरवल्यावर दोन डोळ्यांमध्ये, म्हणजे पाट्याच्या टोकांच्या गोल वळलेल्या भोकांमध्ये, दोरी ताणून धरावी आणि मधल्या बोल्टपाशी कमानीची उंची मोजावी. डाव्या आणि उजव्या पाट्याच्या कमानीत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त तफावत असेल तर तो संच थकला आहे असे समजावे. ही मापे वहीत लिहून ठेवा, पुढे कामाला येतील.

पाटे उतरवलेच आहेत तर ते सुटे करून तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. तडा बहुधा मधल्या बोल्टच्या भोकाजवळ, क्लिपच्या खाली किंवा वरच्या पाट्याची टोके जिथे खालच्यावर घासून खाच पाडतात तिथे असतो, आणि गंजाखाली तो डोळ्यांना दिसत नाही. रॉकेल लावून पुसून घेतल्यावर वरून खडूची पूड फासली की तड्यात मुरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येऊन पांढऱ्यावर ओली रेघ उमटवते. ही जुनी युक्ती आजही भरवशाची आहे. मुख्य पाट्यात, म्हणजे डोळे असलेल्या पाट्यात, केसाएवढाही तडा दिसला तर त्याला वेल्डिंग करू देऊ नये. पाट्याचे पोलाद कडक करून मग विशिष्ट तापमानाला टेम्पर केलेले असते, वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा भाग एक तर ठिसूळ होतो किंवा मऊ पडतो, आणि असा पाटा पुढे कुठल्या तरी पाणओढ्यात मोडतो.

हाच नियम कमान 'मारून' घेण्यालाही लागू आहे. पाटेवाल्याकडे थंड पाट्यावर घण मारून कमान वाढवता येते आणि गाडी त्या दिवशी ताठ उभीही राहते, पण ती कमान फार काळ टिकत नाही; भरल्या गाडीने खडबडीत रस्ता सुरू झाला की पाटा पुन्हा बसू लागतो. भट्टीत तापवून, तेलात विझवून, पुन्हा टेम्पर करून दिलेली कमान मात्र टिकते. अशी सोय ट्रकचे पाटे बनवणाऱ्या मोठ्या दुकानांत असते, आणि तिथे आपण आपला मूळचा संच घेऊन गेलात तर काम चांगले होते. गॅसच्या टॉर्चने लाल करून वाकवणारा माणूस दिसला, तर पाटे उचलून परत यावे. नवा संच मिळत असेल तर माझी पसंती त्यालाच आहे. जिप्सी सामान्य ग्राहकांना मिळणे थांबून काही वर्षे झाली असली, तरी लष्कराच्या आणि पोलिसांच्या ताफ्यांत या गाड्या मोठ्या संख्येने असल्यामुळे सुटे भाग अजून मिळतात; फक्त हुबेहूब खोक्यात भरलेल्या नकली मालाकडे लक्ष ठेवावे लागते. पाटे नेहमी जोडीने बदलावेत, एकाच बाजूचा बदलू नये.

आता पाटा वाढवण्याचा मुद्दा, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. पाट्यांच्या जुडग्याचा ताठरपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ६ मिलिमीटरच्या जागी त्याच लांबी-रुंदीचा ७ मिलिमीटरचा पाटा टाकला, तर तो एकटा पाटा सुमारे ५९ टक्के अधिक ताठर होतो. गॅरेजवाला 'एक पाटा टाकतो' म्हणतो तेव्हा तो हाताशी असलेला, बहुधा एखाद्या माल वाहणाऱ्या टेम्पोचा जाड आणि आखूड कापलेला पाटा टाकतो. परिणाम असा होतो की जिप्सीसारख्या हलक्या गाडीचा मागचा भाग दगडगोट्यांच्या रस्त्यावर चाक जमिनीला चिकटवून ठेवण्याऐवजी उडू लागतो, चाकाची पकड सुटते, आणि पूर्वी पाटा जो धक्का गिळत होता तो आता शॅकलच्या ब्रॅकेटमधून चॅसीवर जातो. कोकणातल्या गाडीच्या चॅसीवर गंज असेल तर ब्रॅकेटच्या मुळाशी चिरा पडायला फारसा वेळ लागत नाही. सामान भरल्यावर मागे बसणारा दणका हे पाटे कमी असल्याचे लक्षण बहुतेक वेळा नसतेच. बंप स्टॉपर, म्हणजे चॅसीखालचे जाड रबर, झिजून किंवा तुटून गेलेले असते आणि ॲक्सल थेट लोखंडावर आपटत असतो. आधी खाली वाकून ती चार रबरे जागेवर आहेत का ते पाहा. ती फार महाग नसतात, आणि तरीही बदलणाऱ्यांच्या यादीत क्वचितच असतात.

लांब शॅकलबद्दल माझे मत अधिक कडक आहे. शॅकल जितके लांब करावे त्याच्या साधारण निम्मीच उंची ॲक्सलपाशी मिळते, कारण पाट्याचे दुसरे टोक जागेवरच असते. पण त्या निम्म्या उंचीची किंमत पूर्ण मोजावी लागते. पाट्याचे एकच टोक खाली गेल्यामुळे पुढचा ॲक्सल स्वतःभोवती किंचित फिरतो, किंगपिनचा, म्हणजे पुढचे चाक ज्या उभ्या खिळीवर वळते तिचा, मागे असलेला कल कमी होतो, आणि स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची जी ओढ असते ती मंदावते. ज्या गाडीचे स्टिअरिंग आधीच थरथरते आहे तिला असे शॅकल लावणे म्हणजे दुखणे हाताने वाढवणे आहे. शिवाय नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत फेरफारांना मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केली आहे. उंची खरोखरच हवी असेल तर तो वेगळा, संपूर्ण आखणीचा विषय आहे, ज्यात पाटे, शॉकअप, ब्रेकच्या लवचीक नळ्या आणि प्रोपेलर शाफ्टचे कोन हे सगळे एकत्र पाहावे लागते; प्रवासाच्या तोंडावर तो उघडू नये. स्पितीच्या रस्त्याला जिप्सीची मूळ उंची पुरते.

थरथर हा आपल्या तीन तक्रारींतला खरा गंभीर भाग आहे. त्यावर सर्रास नवा स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगची थरथर शोषणारा छोटा शॉकअप) बसवला जातो, काही दिवस बरे वाटते, आणि मग थरथर परत येते, कारण डँपर झीज दाबून ठेवतो, भरून काढत नाही. झीज शोधण्यासाठी पुढचे एक चाक जॅकवर उचलून ॲक्सलखाली घोडी (आधाराचा स्टँड) लावावी. चाकाला वर आणि खाली हात धरून आत-बाहेर हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनच्या बेअरिंगचा. नंतर चाकाच्या डाव्या-उजव्या बाजूंना हात धरून तेच करावे. इथला खेळ टाय रॉडच्या आणि ड्रॅग रॉडच्या (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या) टोकांचा किंवा स्टिअरिंग बॉक्सचा असतो. शेवटी चारही चाके जमिनीवर असताना एकाने स्टिअरिंग थोडे डावे-उजवे हलवावे आणि दुसऱ्याने खाली पडून प्रत्येक जोडावर बोट ठेवून पाहावे. डोळ्याला न दिसणारा खेळ बोटाला समजतो.

जिप्सीत किंगपिनच्या वर आणि खाली एकेक निमुळते रोलर बेअरिंग असते आणि त्यांवरचा दाब पातळ शिमांनी, म्हणजे पत्र्याच्या चकत्यांनी, ठरवला जातो. बेअरिंगे नवी घालून शिम जुन्याच अंदाजाने लावल्या तर सारा खर्च वाया जातो. नकलच्या, म्हणजे किंगपिनवर वळणाऱ्या चाकामागच्या भागाच्या, टोकाला स्प्रिंग काटा अडकवून, ते वळवायला किती जोर लागतो हे मोजून, पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळेपर्यंत शिम काढावी किंवा घालावी लागते, आणि हे माप ॲक्सलच्या टोकावरच्या गोलाच्या मागचे सील बसवण्यापूर्वी घ्यायचे असते, कारण सीलचे स्वतःचे घर्षण काट्यावर येते. आपला मिस्त्री स्प्रिंग काटा काढत नसेल तर त्याला आदराने विचारा; उत्तर समाधानकारक नसेल तर हे काम दुसरीकडे करा. याच वेळी ॲक्सलचे आतले सील पाहून घ्यावे. ते गेले असेल तर डिफरन्शियलचे तेल नकलमध्ये उतरून ग्रीसचा काळा रस्सा होतो आणि नवी बेअरिंगेही लवकर मरतात. पाणी ओलांडण्याच्या रस्त्यावर बाहेरचे सील निकामी असेल तर आत तेलाऐवजी पाणी आणि रेती जाते.

बुशांविषयी, म्हणजे पाट्याच्या डोळ्यांत आणि शॅकलमध्ये बसणाऱ्या नळीसारख्या रबरांविषयी, दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की जिप्सीसाठी मी साधे रबरच घेतो. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात हे खरे, पण पाट्याला एका बाजूला पिळ पडतो तेव्हा रबर जितके मुरडते तितके ते मुरडत नाहीत, करकरतात, आणि धूळ आत शिरली की पिन खातात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तीच बहुतेक ठिकाणी चुकते. शॅकलच्या आणि पाट्याच्या पिनांचे नट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळले, तर रबर त्या लटकलेल्या स्थितीतच आवळले जाते, आणि गाडी खाली उतरताच ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. सुरुवातीला गाडी थोडी उंच दिसते, म्हणून मालकही खूश होतो, आणि नंतर तेच बुश फाटून बाहेर येतात. नट आधी सैल लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी, दोनचार वेळा दाबून हलवावी आणि मग पूर्ण आवळावेत. बुश बसवताना साबणाचे पाणी वापरावे. तेल किंवा ग्रीस लावले की रबर फुगते. गंजून अडकलेल्या पिना काढण्यासाठी टॉर्च लावू देऊ नये, कारण आच पाट्याच्या डोळ्याला लागते. पिन कापून काढणे बरे.

पाट्यांच्या मधल्या फटींत काय लावावे यावर मिस्त्री लोकांत कायम वाद असतो. माझ्या मते स्वच्छ, कोरड्या पाट्यांवर ग्रॅफाइट ग्रीसचा अगदी पातळ हात पुरतो. जुने इंजिन तेल फवारण्याची आपल्याकडची पावसाळ्यापूर्वीची पद्धत गंज थांबवते हे खरे, पण ते तेल बुशांवर पोहोचते आणि त्यावर बसलेली धूळ कानसेचे काम करते.

यू-बोल्ट, म्हणजे पाटा ॲक्सलला बांधणारे U आकाराचे बोल्ट, जुने कधीही परत लावू नयेत. ते एकदा ताणले गेलेले असतात आणि पुन्हा तितकाच ताण धरत नाहीत. सैल यू-बोल्टमुळे ॲक्सल पाट्यावर हलू लागतो, सगळा जोर मधल्या सेंटर बोल्टवर येतो, तो कातरला जातो आणि ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो. डोंगरात गाडी थांबवणाऱ्या पाट्यांच्या बिघाडांपैकी बरेच याच क्रमाने घडतात. नवे यू-बोल्ट आणि नवा सेंटर बोल्ट घालून, नट आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे, टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याइतके आवळावेत. पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचेच असतात, कारण पाटे, पॅड आणि त्यांवरचा रंग एकमेकांत बसतात आणि ताण उतरतो.

शॉकअपची निवड मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. गाडी दाबून सोडण्याची परीक्षा पाट्याच्या गाडीत फसवी असते, कारण पाट्यांमधले घर्षणच तिला थांबवते आणि मेलेला शॉकअपही पास होतो. शॉकअप उतरवून उभा धरावा, पूर्ण दाबून पूर्ण ओढावा, असे चारपाच वेळा करावे, कारण आडवा पडलेल्या शॉकअपमध्ये हवा चुकीच्या जागी गेलेली असते. त्यानंतरही दांडा कुठे मोकळा सुटत असेल किंवा ओढताना दाबण्यापेक्षा स्पष्ट जास्त विरोध लागत नसेल, तर तो गेला. तेल ओघळलेला असेल तर परीक्षेचीही गरज नाही. नवे घ्यायचे ते मूळ पाट्यांना साजेसे, मूळ लांबीचे घ्यावेत. 'हेवी' म्हणून मिळणारे बरेच शॉकअप दाबतानाच फार कडक असतात, आणि हलक्या जिप्सीत ते छोट्या दगडांचा प्रत्येक धक्का आत पोहोचवतात. बसवताना वरच्या-खालच्या रबरी वॉशरांचा क्रम पाहावा आणि नट रबर चपटे होईपर्यंत आवळू नये.

पैसे एकदम सगळ्यासाठी नसतील तर माझा क्रम असा राहील: आधी किंगपिन, चाकांची बेअरिंगे आणि रॉडची टोके, मग बुश, यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि बंप स्टॉपर, मग शॉकअप, आणि पाट्यांत तडा नसेल व कमान जवळपास सारखी असेल तर नवे पाटे सगळ्यांत शेवटी. स्टिअरिंग डँपर या सगळ्यानंतर, हवा असल्यास.

काम झाल्यावर गाडी प्रवासाला भरणार तशीच पूर्ण भरा आणि वजनकाट्यावर न्या. संपूर्ण वजन एकदा आणि फक्त मागची चाके काट्यावर ठेवून एकदा, अशी दोन मापे घ्या, आणि एकूण वजन पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहा. २० लिटर पेट्रोलचा डबा सुमारे १५ किलो आणि २० लिटर पाणी २० किलो भरते. त्यात छपरावरचा कॅरियर, दुसरा सुटा टायर आणि हत्यारांची पेटी आली की मागच्या ॲक्सलवरचा भार पाहून बहुतेक जण स्वतःच सामान कमी करतात. जड वस्तू छपरावर ठेवू नयेत, मागच्या ॲक्सलच्या पुढे आणि खाली ठेवाव्यात. मग वहीतली मापे पुन्हा घ्या. भरलेल्या गाडीत ॲक्सल आणि बंप स्टॉपर यांच्यामध्ये चार बोटे अंतरही उरत नसेल, तर सामान कमी करणे हा पहिला उपाय आहे.

त्याच भाराने ताम्हिणी घाटातून कोकणात उतरून परत या. परतताना खराब रस्त्याचा एक तुकडा संपल्यावर लगेच थांबून चारही शॉकअपच्या नळ्यांना हाताची पाठ जपून लावून पाहा. काम करणारा शॉकअप धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलतो, त्यामुळे तो गरम होतो; तीन गरम आणि एक थंड असेल तर नवा असूनही तो थंडच खराब आहे. कुंझुम खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या लोसर ते ग्रांफू या पट्ट्यात, विशेषतः बातलपासून खालच्या सुमारे ५० किलोमीटरांत, जिथे रस्ता म्हणजे गोटे आणि ओढे, तिथेही दर तासाभराने हीच तपासणी करावी, आणि नळ्यांना हात लावता येत नसेल तर गाडीला वीसेक मिनिटे विश्रांती द्यावी. तापलेल्या तेलाला फेस आला की नवा शॉकअपही काही काळ काहीच करत नाही.

सोबत दोन सेंटर बोल्ट, एका बाजूचे यू-बोल्ट नटांसह, बुशांचा एक संच, एक शॉकअप, दोन मजबूत सी-क्लँप, रॅचेट पट्टा आणि लाकडाचा ठोकळा असावा. मुख्य पाटा मोडला तर मोडलेला भाग क्लँपने खालच्या पाट्याला बांधून, ॲक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून पट्ट्याने चॅसीला ओढून धरून आणि ठोकळा बंप स्टॉपरखाली अडकवून चालण्याच्या वेगाने पुढचे गाव गाठता येते. रामपूर किंवा रेकाँग पिओसारख्या, ट्रक थांबतात अशा गावांत पाट्यांचे काम करणारा माणूस सापडतो. त्याला आपले मूळ माप सांगता यावे म्हणून ती वही गाडीतच ठेवा.

राहता राहिला पुणे की चंदीगड हा प्रश्न. काम निघण्याच्या किमान महिनाभर आधी पुण्यातच करावे, म्हणजे वॉरंटी, मिस्त्री आणि चुकीचा निघालेला भाग बदलून देणारे दुकान ही तिन्ही हाताशी राहतात. अलाइनमेंट सगळे काम संपल्यावर, भरलेल्या गाडीने करावी; पाट्याच्या गाडीत प्रत्यक्षात टो (पुढच्या चाकांची तोंडे किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) तेवढाच जुळवता येतो, त्यामुळे मशीनवरचे बाकीचे आकडे दाखवून कोणी शिमा विकू लागला तर घेऊ नका. चंदीगडसाठी एकच काम राखून ठेवा: पुण्यापासून सुमारे १,६५० किलोमीटर झालेले असतील, तेव्हा पहाड सुरू होण्यापूर्वी सकाळी, गाडी थंड असताना, आठही यू-बोल्टचे सोळा नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, आणि त्यांतला एखादा पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरला तर दुसऱ्या दिवशी नारकंड्याला तो पुन्हा पाहा.